खदानपाड्याचं आंबट

हिराजीदादांकडे भाड्याची खोली बघायला गेलं, की ते नाव, गाव, पगार यातलं काहीच विचारत नाहीत. ते विचारतात, "भाजीत मीठ किती टाकता?"

मी त्यांच्या ओट्यावर पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्या पिशवीत शाळेतल्या नोकरीची ऑर्डर होती. वाडा तालुक्यातलं गाव, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. भिवंडीत पोचले तर एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार नाही. "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न सगळीकडे ठरलेला, आणि मिस्टर नाहीत म्हटलं की खोलीही नसायची. त्यामुळे मिठाचा प्रश्न ऐकून मी इतकी गोंधळले, की खरं बोलून गेले.

"चवीपुरतं."

"म्हंजे अलनी," दादा म्हणाले. मग माझ्याकडे जरा दयेनं बघत म्हणाले, "र्‍हावा. शिकाल हलूहलू."

अलनी म्हणजे अळणी. दादा आगरी बोलतात, त्यांच्या तोंडी ळ आणि ण कधी टिकत नाहीत. हा शब्द मी त्यानंतर रोज ऐकला. दादांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती : खदानपाड्याची आणि अलनी. ठाणं अलनी, कल्याण अलनी, मुंबई तर जन्माची अलनी. टीव्हीवरच्या बातम्या अलनी. निवडणुकीच्या सभेला जाऊन आले की ओट्यावर चप्पल आपटत म्हणायचे, "घंटाभर बोलला. मिठाचा खडा न्हाय त्यात."

खदानपाडा भिवंडीच्या कडेला, टेमघरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगर आता अर्धाच उरलाय. बाकीचा फुटून रस्त्यांत आणि इमारतींच्या पायांत गेला. खदान बंद पडून बरीच वर्षं झाली. खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय, क्रशरचा लोखंडी सांगाडा गंजत उभा आहे, आणि जिथे सपाट जागा मिळाली तिथे निळ्या पत्र्याची गोदामं उभी राहिलीत. दिवसभर ट्रेलर वळत असतात आणि घराच्या भिंती हादरतात. दादा या खदानीचे मुकादम होते. खदान गेली, मुकादमकी गेली, पण अभिमान गेला नाही. तो त्यांनी आंबटावर आणून ठेवला.

"हायवेच्या पोटात आमचा दगड हाय," ते सांगायचे, "न् त्यो फोडनारांच्या पोटात आमचं आंबट व्हतं. मंग मॅडम, सांगा, हायवे कशावर उभा हाय?"

"आंबटावर," मी म्हणायची. असं म्हटलं नाही, तर प्रश्न परत यायचा.

आंबट म्हणजे सुक्या बोंबलाचं कालवण. वांगं, बटाटा, ठेचलेला लसूण, घरचा लाल मसाला, चिंचेचा कोळ, आणि सोबत तांदळाची भाकर. आगऱ्यांच्या कुठल्याही घरात होतं. पण खदानपाड्याचं वेगळं, असं दादांचं म्हणणं. वेगळं होतंच. ते खारट होतं. जरा मीठ जास्त पडलंय अशातला प्रकार नव्हता. पहिल्या घासाला डोळे मिटायचे, दुसऱ्याला कान गरम व्हायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत माणूस माठाभोवती घुटमळत राहायचा.

दर रविवारी दादांच्या बायको, सोनाकाकी, हे आंबट करायच्या. आणि दादा स्वतः प्रत्येक भाडेकरूच्या दारात वाटी घेऊन यायचे. नको म्हणायची सोय नव्हती. वाटी रिकामी करून, पण न धुता परत द्यायची, असाही त्यांचा कायदा होता. "धुतली का कलत न्हाय, खाल्लं का मोरीत वतलं."

वरच्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत इसरारभाई राहायचे. उत्तर प्रदेशातले, पॉवरलूमवर काम करणारे. पहिल्या रविवारी त्यांनी वाटीत भात कालवला, मग आणखी भात, मग उकडलेला बटाटा, आणि शेवटी माझ्या दारात येऊन हळूच विचारलं, "मॅडम, ये सालन है या सज़ा?" पण वाटी मात्र त्यांनी पुसून परत दिली. त्यांचा मुलगा तापानं फणफणला होता, तेव्हा रिक्षा बोलावून त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेले ते दादाच. मग त्या माणसाची वाटी कशी नाकारायची?

दादांच्या सदऱ्याच्या खिशात एक जुनी, चपटी, पत्र्याची डबी असायची. तिच्यात खडामीठ. कुठेही जेवायला बसले, की घास घेण्याआधी डबी बाहेर. हळदीच्या पंगतीत एकदा यजमानीणबाई म्हणाल्या, "दादा, आदी चाखा तरी." दादा म्हणाले, "चाखाचं काय त्यात? रंगावरून कलतं." धामणकर नाक्यावर बिर्याणीच्या हॉटेलात त्यांचं आणि मालकाचं बोलणं मी स्वतः ऐकलंय.

"नमक किधर है?"

"डाला है, चाचा."

"डाला है तो गया किधर?"

मालकानं वैतागून मिठाची अख्खी बरणीच पुढे केली. दादांनी झाकण उघडून बघितलं आणि बरणी परत सरकवली. "ये बारीकवाला है. ये दिखाने का नमक है."

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही सगळे भाडेकरू एकदा टेम्पो करून गेलो होतो. लोक गुडघेदुखी जावी म्हणून पाण्यात पाय सोडून बसलेले. दादांनी ओंजळभर पाणी उचललं, जिभेला लावलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "वास हाय. मीठ न्हाय." काकी शेजारी पाय सोडून बसल्या होत्या. त्या हसल्या. त्या नेहमी हसायच्या. कोणाशीही बोलताना "व्हय बाय," "बस बाय," एवढंच.

आता जे सांगायचं ते हसण्यासारखं नाही. दादांचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळपासूनच. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला.

"आजोबा, बीपी फार आहे. किडनी थकलीय. मीठ आजपासून बंद. असंच चालू राहिलं तर मशीनवर घ्यावं लागेल, आणि तेही किती दिवस पुरेल सांगता येत नाही."

"डाक्टर, तुमी घरी जेवता का भायेर?" दादांनी विचारलं.

"घरी."

"मीठ?"

"कमीच."

"तरीच," दादा उठत म्हणाले, "आवाजात दम न्हाय तुमच्या."

मी शिक्षिका. मला वाटलं, नीट समजावलं तर माणूस ऐकतो. मी एका कार्डशीटवर किडनीचं रंगीत चित्र काढलं, मीठ कुठे जातं ते बाणांनी दाखवलं, आणि ओट्यावर बसून दादांना ते सगळं सांगितलं. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चित्र झ्याक हाय. पन मॅडम, तुमी खुर्चीवर बसून शिकवता. घाम न्हाय, मंग मीठ कशाला लागल? आमी उन्हात दगड फोडनारी मानसं."

"दादा, खदान बंद झाली. तुम्ही आता उन्हात नसता."

"मीठ बंद न्हाय झालं," ते म्हणाले आणि विषय संपवला. त्या रविवारी मी जिन्यावरून पाहिलं. त्यांच्यापुढे परात होती. वाटी नव्हे, परात. आंबटात भाकरी कुस्करून ते खाली मान घालून जेवत होते. चवीनं जेवणारा माणूस असा जेवत नाही. ओझं उतरवणारा हमाल जसा एकेक पोतं उचलतो, तसे ते घास उचलत होते.

त्यांची मुलगी वनिता कल्याणला असते. मी तिला फोन केला. ती आली, रडली, भांडली. घरात मोठा आवाज झाला तो सगळ्या खोल्यांत ऐकू गेला.

"तुमच्या अभिमानापायी मरणार तुम्ही, बाबा! ऐकत नसाल तर मी आईला घेऊन जाते कल्याणला. मग बघते आंबट कोण करून घालतं ते."

दादांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मना काय बोलाचं त्ये बोल. तिला न्हेवाचं नाव काढू नको."

जाताना वनिता जिन्याशी थांबली. डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माझ्या लहानपणी मीठ जरा जास्त झालं तरी बाबा ताट सरकवायचे हो. आईला ऐकवायचे. आणि आता हे खदानीचं खूळ. म्हातारपणी कुठून आलं कोण जाणे."

मला वाटलं, खदान गेल्याचं दुःख असेल. हातातून गेलेल्या गोष्टीचं कौतुक वाढतं, तसं काहीतरी. खरं सांगायचं तर दादांचा मला त्या दिवसांत राग यायचा. काकींना काही विचारलं, की उत्तर दादा देणार. काकी दुकानात निघाल्या, की हे मागून. शेजारच्या बायका गप्पांना आल्या, की "तिला बोलाची सवय न्हाय" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावणार. बायकोला दाबून ठेवणारा, तिच्या हातून मरणाचं खारट करून घेणारा हट्टी म्हातारा, असं माझं मत झालं होतं. आणि रविवारी तर कहर. आंबट शिजत असताना दादा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मोबाईलवर भजनं मोठ्यानं लावायचे. आत कोणी जायचं नाही. "आमचा फार्म्युला हाय. लोकं चोरतील."

त्या खारट वाटीचा फॉर्म्युला कोण चोरणार होतं?

पावसाळा संपता संपता एका रविवारी खालून भजन ऐकू आलं नाही. मी गोळ्या घेऊन खाली गेले. दादा पलंगावर पडून होते. पाय खांबासारखे सुजलेले, अंगात कणकण, डोळा लागलेला. आतून काकींचं बोलणं येत होतं. मला वाटलं, वनिता आलीय. मी आत डोकावले.

काकी एकट्या होत्या. मागच्या पडवीतल्या चुलीवर टोप रटरटत होता. काकींनी बरणीतून चिमूट उचलली आणि टोपात सोडली.

"ह्ये फशीचं."

दुसरी चिमूट. "ह्ये खैरूनचं."

तिसरी चिमूट नव्हती, मूठच होती. काकी खुदकन हसल्या. "ह्ये ठमीचं. ठमे, हात आवर गो जरा, मुकादम वरडंल."

मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पुढची चिमूट दुर्गीची होती. मग काकींनी दाराकडे पाहिलं, मला पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "कोन गो तू? यमुनाची पोर ना? आईनं मीठ न्हाय धाडलं तुज्याबरोबर?"

मी मागे सरकले तर दादा भिंत धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. हळू आवाजात एवढंच म्हणाले, "दे तिला. मीठ दे."

मी बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं आणि काकींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते टोपात सोडलं.

"ह्ये यमुनाचं. झालं बाय. बसा आता सगल्या."

दादांनी मला ओट्यावर नेलं. गोदामात शिरणाऱ्या एका ट्रेलरकडे बघत बसले. मग सांगितलं. खदानीत बायका खडी फोडायच्या आणि दुपारी कामावरच एक टोप चढायचा. आगरी, कातकरी, सोलापूरकडचे वडार, मुसलमान, सगळ्यांचा मिळून तो एकच टोप. बोंबील कोणाचे, वांगी कोणाची, चिंच झाडाची. पण मीठ प्रत्येकीनं घरून पदराच्या गाठीत आणायचं आणि आपल्या हातानं घालायचं.

"येकीचंच मीठ पडलं तर बाकीच्या तिचं मीठ खानार. मंग ती मोठी, बाकीच्या मिंध्या. आमच्या खदानीत कोन कोनाचं मिंधं न्हवतं, मॅडम. पार मुकादमाची बायको झाली तरी तिची पन येक चिमूट. सोना टोप सांभालाची. कोनाचं पडलं, कोनाचं र्‍हायलं, त्ये तिच्या ध्यानात."

"मग तेव्हाही इतकं खारट व्हायचं?"

"कशाला व्हईल? टोपच येवढा व्हता." त्यांनी दोन्ही हात पसरले. "आता टोप बारका. मीठ तेवढंच."

ती माणसं कुठे गेली, ते मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. फशी छातीत धूळ भरून खोकत गेली. ठमी कडा सुटला त्याच्याखाली गेली, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. यमुनाही धुळीनंच. दुर्गीचे लोक खदान बंद झाल्यावर बिऱ्हाड उचलून गेले ते परत दिसले नाहीत. खैरून मुलाकडे गेली आणि तिकडेच वारली.

"काकींना दाखवलं कोणाला?"

"दावलं ना. मोठ्या डाक्टरला दावलं, ठाण्याला. त्यो म्हनला, नवीन हाय त्ये आदी जाईल, जुनं शेवटाला. वनिताचं नाव आता कंदीमंदी इसरते. काल मना ईचारलं, आज हाजरी घेतली का? पन ही नावं येक न्हाय चुकत. ही हायेत तवर ती हाय."

"वनिताला का नाही सांगत?"

"न्हेल ना ती. चवथ्या मजल्यावर. चुलीपाशी जाऊ न्हाय देनार. मंग ह्या बाया कुठं येतील?" त्यांनी खिशातली डबी काढली, उघडली, बंद केली. "न् पाड्यावर काय बोलतील? म्हातारी येडी झाली, आंबटात पोतंभर मीठ घालते. त्यापरीस मीच बोललो, आमच्या खदानीचं असंच असतंय. मना येडा बोलतात ना? बोलू दे. तिला कोन न्हाय बोलत."

हळदीच्या पंगतीतली डबी, बिर्याणीवाल्याशी घातलेला वाद, अकलोलीचं पाणी. माणूस वर्षानुवर्षं गावभर स्वतःचं हसं करून घेत फिरत होता, आणि मी त्याला कार्डशीटवर किडनी दाखवत होते.

"आणि या वाट्या? आम्हाला का?"

"ती सगल्यांच्या वाट्या भरते. जिनं मीठ घातलं तिला जेवाला पायजे. वाटी उरली का रडते, म्हनते कोन तरी उपाशी गेली. मंग न्हेतो मी. तुमची ठमीची हाय." जरा थांबून म्हणाले, "इसरारकडं फशीची जाते. टोपात उरतं त्ये मी खातो."

म्हणून ती परात.

त्या दिवसापासून मी ठमीची वाटी पूर्ण खाऊ लागले आणि टोपातलंही मागून घेऊ लागले. इसरारभाईंना मी सगळं सांगितलं नाही. चाचांची किडनी खराब आहे, ते उरलेलं सगळं एकटे खातात, एवढंच सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. पुढच्या रविवारी ते मोठं पातेलं घेऊनच खाली गेले. "चाचा, गाँव से भाई आया है. उसको भी आपका खदानवाला खाना चखाना है." भाऊ वगैरे कोणी आलेला नव्हता. पातेलं घेऊन ते लूमवर गेले आणि तिथे सगळ्या कारागिरांनी ते भातात कालवून, शिव्या घालत, संपवलं. मग दर रविवारी हेच. पाणी पिऊन पिऊन लूमवरचा माठ दुपारीच रिकामा व्हायचा म्हणे.

हे असंच चाललं असतं तर मी देवाचे आभार मानले असते.

थंडीत एका रविवारी मी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले नाहीत. पुन्हा घेतला. खारट होतं, पण जिभेला वांगं लागलं, चिंच लागली, लसूण लागला. आंबट खरोखर चवदार होतं. मला काही उमगायच्या आत इसरारभाई बाहेरून ओरडत आले, "मॅडम! आज तो नमक सही है! चाचा ने डॉक्टर की मान ली!" आणि वाटी नाचवत खाली गेले. मी त्यांच्यामागे.

"चाचा, आज एक नंबर! कसम से, एक नंबर!"

दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी इसरारभाईंच्या हातातली रिकामी वाटी घेतली आणि आत बघत राहिले. मग मला म्हणाले, "फशी गेली. तिची चिमूट न्हाय पडली, ही वाटी मीच भरली."

"कौन गया?" इसरारभाईंनी विचारलं.

"हमारी पहचानवाली," दादा म्हणाले. "आज गई."

इसरारभाईंनी टोपी नीट केली आणि ते शेजारी बसले.

त्यानंतर उतरणीला लागल्यासारखं झालं. खैरून गेली. दुर्गी एका रविवारी असायची, एका नसायची. दादा आता दारात भजनं लावत नसत. कान देऊन बसत. कधी आतून आवाज थांबला, की दारातून हळूच म्हणत, "सोना, यमुना र्‍हायली." काकी म्हणत, "व्हय, व्हय, यमुना," आणि चिमूट टाकत. पुढे पुढे चिमूट हातात धरून नुसत्या बसून राहू लागल्या.

आणि दादांची तब्येत सुधारत गेली. पायांची सूज उतरली. बीपी खाली आलं. नाक्यावरच्या डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बघा, या वयात माणूस मनावर घेतो म्हणजे काय ते या आजोबांकडून शिका. आजोबा, पेढे पाहिजेत आता." वनितानं कल्याणहून खरंच पेढे आणले. पाड्यावरचे लोक म्हणाले, म्हातारा सुधारला. दादा सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायचे. रिक्षात बसल्यावर रिपोर्टच्या कागदाची घडी घालत ते मला म्हणाले, "ह्यो डाक्टर मना सांगतो बरं व्हतंय. त्याला काय म्हाईत, कोनाचं काय जातंय."

ठमी सगळ्यात शेवटी गेली. त्या रविवारी खाली चूल पेटली नाही, माझ्या दारात वाटी आली नाही. मी दुपारभर वाट पाहिली. पुढच्या रविवारी मात्र आली आणि पहिल्याच घासाला माझे डोळे मिटले. कान गरम झाले. मी आनंदानं वाटी हातात घेऊन तशीच जिना उतरून पळाले. ठमी परत आली होती.

पडवीत चुलीपुढे दादा होते.

चड्डी-सदऱ्यावर, पाटावर कसेबसे बसलेले, धुरानं डोळे लाल. एका हातात पळी. टोपात ते पुन्हा पहिल्यापासून चिमूट सोडत होते. "ह्ये फशीचं. ह्ये खैरूनचं. ह्ये दुर्गीचं." प्रत्येक नावाला मान वर करून मागे बघत होते. मागे बाजेवर काकी बसल्या होत्या, पदर नीट सावरून, परक्याच्या घरी बसावं तशा. त्या दादांकडे बघून अदबीनं हसत होत्या. नावांना काही उत्तर येत नव्हतं.

दादांनी मला पाहिलं. "बसा, मॅडम." मग ताटली वाढली, भाकर मोडून ठेवली आणि काकींच्या पुढ्यात आणून ठेवली. स्वतः खाली जमिनीवर बसले, त्यांच्या तोंडाकडे बघत.

काकींनी घास घेतला. चावला. गिळला आणि थांबल्या. पदरानं ओठ टिपले. मग लाजत, यजमानाचा मान राखत, म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका हां. पन लय खारट झालंय."

मी दादांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्यासमोर कोणी उच्चारला, की ते उसळून उठत आणि हायवेपासून सुरुवात करत.

"व्हय बाय," दादा म्हणाले. "खारट झालंय."

त्यांनी तांब्या जवळ ओढला. ताटलीतला बोंबील उचलला, पाण्यात बुडवून चोळून धुतला, बोटांनी दाबून निथळला. मग उजेडाकडे धरून त्यातला काटा काढला आणि तो तुकडा तिच्या भाकरीवर ठेवला.

काकींनी तो खाल्ला. दादांनी दुसरा धुवायला घेतला.